स्त्रीची वेदना आणि ताटावरचा आरोप

आपल्या समाजात एखाद्या मुलीच्या पोटात दर महिन्यास असह्य कळा येऊ लागल्या, की पहिली चौकशी होते ती तिच्या ताटाची. काल काय खाल्लेस, पपई खाल्लीस काय, वांगे खाल्लेस काय, तारल्यांचे तिखट पोटात गेले काय, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. आणि उत्तर काहीही आले तरी निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. अमुक पदार्थ उष्ण, तो बंद. तमुक वातूळ, तोही बंद. अलीकडे ह्या जुन्या यादीत एक नवा आरोपी दाखल झाला आहे. तो म्हणजे दूध; कारण हल्लीच्या दुधात हॉर्मोन असतात, असे सर्वत्र ऐकू येते.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा आहे, वैद्यकीचा नाही. तेव्हा औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा हा प्रयत्न नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु आरोप आणि पुरावा ह्यांतील अंतर ओळखण्याची जी थोडीबहुत सवय ह्या व्यवसायाने लावली, तिच्या आधारे ह्या जुन्या प्रकरणाचे कागद पुन्हा एकदा चाळून पाहावेत, असे वाटले. त्यास कारणही घरातच घडले.

आमचे घराणे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने काही पिढ्यांपूर्वी बडोद्यास आले आणि येथलेच झाले. माझ्या धाकट्या बहिणीस सतराव्या वर्षापासून हा त्रास सुरू झाला. आईने प्रथम मासळी बंद केली, मग वांगे, चिंच आणि दही. पुढे कोठल्याशा व्याख्यानात गाईम्हशींना टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी ऐकून मी स्वतः तिचे दूध बंद करविले. होता होता तिच्या ताटात वरणभात आणि दोडक्याची भाजी एवढेच उरले. कळा मात्र होत्या तशाच राहिल्या. भरीस रक्तक्षयाने ती पांढरीफटक पडली. नऊ वर्षांनी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दुर्बिणीने तिच्या पोटाची आतून तपासणी केली आणि विकाराचे नाव सांगितले : एण्डोमेट्रिओसिस. त्या रात्री ती मला म्हणाली, "दादा, नऊ वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्या ताटाची चौकशी केलीत. कुठं दुखतं आणि किती दुखतं, हे कोणी विचारलं नाही." ह्या वाक्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

ह्या विकाराचे स्वरूप थोडक्यात असे आहे. गर्भाशयाच्या आतील बाजूस जे अस्तर असते, त्यासारखीच पेशीजाले गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांच्या आवरणावर, मूत्राशयाच्या आसपास वाढू लागतात. बीजकोशांतून पाझरणाऱ्या ईस्ट्रोजेन नामक हॉर्मोनवर ती पोसली जातात. मासिक चक्राबरोबर तीही सुजतात आणि स्रवतात. परंतु त्या स्रावास बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे दाह होतो, व्रण राहतात, अवयव एकमेकांस चिकटतात, आणि पुष्कळदा मातृत्वातही अडथळा येतो. व्हिएन्ना येथील रोकिटान्स्की ह्या शरीरविकृतिशास्त्रज्ञाने अशा पेशीजालांचे वर्णन १८६० साली केले. अमेरिकेतील ऑल्बनी शहरीचे डॉक्टर जॉन सॅम्पसन ह्यांनी १९२१ पासून ह्या विषयावर निबंध प्रसिद्ध केले, आणि १९२७ साली रक्ताचा काही अंश उलट दिशेने पोटात जातो व तेथे रुजतो, अशी उपपत्ती मांडली. विकाराचे आजचे नाव त्यांनीच रूढ केले. ती उपपत्तीही पुरी नाही, कारण असा उलट प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो आणि विकार मात्र थोड्यांनाच जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीस, म्हणजे जगातील सुमारे १९ कोटी स्त्रियांस हा विकार आहे. त्याचे नाव कळेपर्यंत सात-आठ वर्षे जावीत, ही जगभरची सर्वसाधारण गोष्ट आहे. आमच्या घरी नऊ गेली.

येथे कोणी विचारील, की आपल्या प्राचीन शास्त्रकारांस हे दुखणे ठाऊक नव्हते काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन आले आहे. त्यांत उदावर्तिनी म्हणून एक सांगितली आहे. वायूची गती उलटी झाल्याने स्त्रीस कष्टाने रजःस्राव होतो आणि स्राव मोकळा होताच तिला बरे वाटते, असे तिचे लक्षण दिले आहे. ही उदावर्तिनी म्हणजेच आजचे एण्डोमेट्रिओसिस, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. ह्या विकारात कळा स्रावापूर्वीच सुरू होऊ शकतात, स्रावानंतरही राहू शकतात आणि कित्येकींस महिनाभर सोडीत नाहीत. दोन लक्षणे जुळली म्हणून दोन माणसे एकच ठरत नाहीत. एवढे मात्र निर्विवाद आहे, की आपल्या शास्त्रकारांनी स्त्रीच्या ह्या वेदनेस व्याधी मानले, तिला स्वतंत्र नाव दिले आणि तिच्यावर चिकित्सा सांगितली.

मग रजस्वलेच्या आहाराचे नियम कोठून आले? तेही शास्त्रांत आहेत. पण निराळ्या ठिकाणी आहेत. सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे, की तिने दर्भाच्या अंथरुणावर निजावे आणि तळहातावर, मातीच्या परळात किंवा पानावर हविष्यान्न घ्यावे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दुधात शिजविलेले जवाचे अन्न थोडे घ्यावे, असे म्हटले आहे. ज्या दिवसांत मी माझ्या बहिणीचे दूध तोडले, त्याच दिवसांसाठी वाग्भटाने दुधातले अन्न सांगितले होते, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे सारे नियम गर्भधारणेच्या प्रकरणात आले आहेत. उत्तम संतती व्हावी, हा त्यांचा हेतू. वेदना होणाऱ्या स्त्रीचा विचार चिकित्सास्थानात, वेगळ्या अध्यायात झाला आहे. पुढच्या काळात आपण पहिले प्रकरण रूढीच्या रूपाने जपले आणि दुसरे बंद करून ठेवले.

ह्या रूढीविषयी आपल्या मंदिरनिष्ठ समाजात बोलताना मनास संकोच होतो. तीन दिवस बाहेर बसण्याच्या प्रथेने स्त्रीस चूल आणि पाणी ह्यांपासून विसावा मिळे, असे आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रिया सांगत, आणि त्यात काही सत्यही असेल. परंतु त्या प्रथेने दिवस मोजले, वेदना मोजली नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात आली, की प्रकरण संपले. पाचव्या दिवशी ती पोट धरून बसली तर त्यास कोणत्याच खात्यात जागा नसे. जे दुखणे बोलण्याचेच नव्हे असे ठरले, त्याचा पुरावा गोळा होणार कसा?

तो गोळा होण्यास प्रथम स्त्री-डॉक्टर हव्या होत्या. आनंदीबाई जोशी ह्या १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन निघाल्या, त्यामागे हेच कारण होते. परंतु दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्या निवर्तल्या. त्यांचे अपुरे राहिलेले काम आमच्या ह्या गुजरातेत एका मराठी स्त्रीने पुढे नेले. रखमाबाईंचे नाव आम्हां वकिलांस त्यांच्या खटल्यामुळे ठाऊक असते. लहानपणी लागलेले लग्न मान्य नाही म्हणून पतीकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दावा दाखल झाला, १८८५ साली एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला, १८८७ साली दुसऱ्यांनी त्यांस नांदावयास जा अथवा तुरुंगात जा असा निर्णय दिला, आणि अखेर १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात व पुढे राजकोटास त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे वेचली. ज्या स्त्रिया परपुरुषासमोर दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करीत, त्यांना ऐकून घेणारे माणूस मिळाले.

बडोद्याचा वाटाही लहान नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९०६ साली संस्थानभर मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आजचे सर सयाजीराव जनरल रुग्णालय एके काळी काउंटेस ऑफ डफरिन ह्यांच्या नावाने ओळखले जाई. त्याच डफरिनबाईंच्या नावे १८८५ साली हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून निधी उभा राहिला होता. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता झाल्या. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता सर्व मानव असा शब्द यावा, म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या ह्याच विदुषी. विद्यापीठाच्या प्रारंभीच येथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली, आणि अन्न व पोषण हा स्वयंपाकघरातील अनुमानाचा विषय न राहता प्रयोगशाळेत तपासण्याचा विषय झाला. ज्या शहरात ही शाखा आहे, त्याच शहरात मी ऐकीव गोष्टीवरून बहिणीचे दूध तोडले, हे लिहिताना लाज वाटते.

आता दुधावरील आरोपाचाच विचार करू. त्यास बराच जुना इतिहास आहे. दूध अधिक निघावे म्हणून गाईम्हशींच्या जननमार्गात वारा फुंकण्याची फुका नावाची क्रूर रीत एके काळी कलकत्त्यासारख्या शहरांत होती. ती कळल्यावर गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले. १९१८ च्या मोठ्या आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध घेतले ते ह्या व्रतातून वाट काढूनच. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला, तेव्हा त्याच्या बाराव्या कलमाने फुका हा गुन्हा ठरला आणि जनावरास अपाय होईल अशी इंजेक्शनेही त्यात आली. फुक्याची जागा पुढे ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाने घेतली. हे हॉर्मोन नऊ अमिनो आम्लांचे बनलेले असून ते पान्हा सोडविते. द्यू विन्यो ह्या शास्त्रज्ञाने १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या इंजेक्शनाच्या गैरवापरावरून केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढून देशात वापरावयाच्या ऑक्सिटोसिनचे उत्पादन खाजगी कंपन्यांस बंद केले आणि ते केवळ एका सरकारी कंपनीकडे सोपविले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे एक निराळीच बाजू पुढे आली. प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी हेच औषध मातांचे प्राण वाचविते, आणि त्याचा तुटवडा पडला तर स्त्रियाच मरतील. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. तिला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. सरकारच्या वतीने वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आला. दुधाविषयी म्हणावे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासणीत इंजेक्शन दिलेल्या व न दिलेल्या जनावरांच्या दुधात ह्या हॉर्मोनच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही, आणि जे असते ते पचनात मोडून जाते. जनावराचा छळ हा गुन्हाच आहे, त्याबद्दल शिक्षा झालीच पाहिजे. पण माझ्या बहिणीच्या कळांचा दोष त्या दुधावर शाबीत होत नाही.

ह्याचा अर्थ अन्नातील हॉर्मोनची भीती सर्वस्वी खोटी, असा मात्र कोणी करू नये. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स ह्यांनी स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम ईस्ट्रोजेन तयार केले. ते गर्भवती स्त्रियांस औषध म्हणून दिले गेले, आणि १९५४ पासून अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या खाद्यातही मिसळले गेले. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की ज्या मातांनी ते औषध घेतले त्यांच्या काही तरुण मुलींस एक दुर्मिळ कर्करोग झाला होता. १९७९ मध्ये गुरांना ते देण्यास तेथे बंदी झाली. येथे आरोप होता, तपास झाला आणि पुरावाही मिळाला. आपल्या नेहमीच्या दुधातही जनावराचे स्वाभाविक हॉर्मोन अल्प प्रमाणात असतात; परंतु स्त्रीचे शरीर स्वतः रोज जे निर्माण करते, त्यापुढे ते नगण्य होत. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात दुग्धपदार्थ अधिक घेणाऱ्या स्त्रियांत हा विकार वाढलेला दिसला नाही. उलट किंचित कमीच दिसला.

त्याच अभ्यासाने २०१० साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. सुमारे ७०,००० स्त्रियांच्या बारा वर्षांच्या नोंदींत, मासळीत मिळणारी ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले सर्वांत अधिक घेणाऱ्या गटात हा विकार सर्वांत कमी घेणाऱ्या गटापेक्षा २२ टक्के कमी आढळला, आणि वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील ट्रान्स चरबी सर्वांत अधिक खाणाऱ्या गटात ४८ टक्के अधिक आढळला. ही केवळ सांगड आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीपण विचार करण्याजोगी आहे. आम्ही बहिणीच्या ताटातून तारल्या आणि बांगडे काढले, आणि फरसाण राहू दिले. ट्रान्स चरबीवर आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली आहे, हे चांगले झाले.

तेव्हा आहाराने काही होते की नाही? ह्या विकारासाठी अमुक एक आहार निश्चितपणे सांगावा इतका पुरावा नाही, असे युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. आहाराने हा विकार बरा होत नाही. पण त्रासाचे ओझे काही अंशी हलके होऊ शकते. ज्यांचे पोट ह्या विकारात फुगते, त्यांपैकी काहींस कांदा, लसूण, गहू, काही कडधान्ये काही आठवडे कमी करून पाहिल्याने बरे वाटते; म्हणजे आईच्या वातूळ ह्या शब्दात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. मात्र तो प्रयोग आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि मुदत घालून करावयाचा असतो, जन्मठेपेसारखा नव्हे. स्राव अधिक होणाऱ्या स्त्रीस लोह भरून काढणे अगत्याचे असते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे येथे ध्यानात घ्यावे. हळिवाचे लाडू, नाचणी, तांबडी भाजी, मासळी आणि वर लिंबाची फोड, हे आपल्या घरचेच पदार्थ आहेत. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. अळशी आणि तीळ ह्यांत वनस्पतिजन्य ईस्ट्रोजेनसदृश द्रव्ये असली, तरी चटणीइतक्या प्रमाणात त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. आणि वेदनाशामके, हॉर्मोनची औषधे, प्रसंगी शस्त्रक्रिया ही वैद्यकातील साधने आहेत. ताट कितीही सात्त्विक असले तरी त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.

माझी बहीण आज औषध घेते, दूध पिते आणि मुंबईहून चांगले बांगडे आले की पहिल्या पंक्तीस बसते. कळा पूर्ण गेलेल्या नाहीत. कमी झाल्या आहेत. त्या आल्या की ती मोकळेपणे सांगते, आणि आता घरात कोणी तिला काय खाल्लेस म्हणून विचारीत नाही. नऊ वर्षे मात्र परत आणता येत नाहीत.

वाचकांपाशी एकच मागणे आहे. आपल्या घरात एखादी मुलगी दर महिन्यास शाळा चुकवून पडून राहत असेल, तर तिचे ताट तपासण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत : कुठे दुखते, किती दुखते आणि केव्हापासून दुखते. तिची उत्तरे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावीत आणि ती वही घेऊन तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. तेथे कोणी हे असेच असते म्हणून बोळवण केली, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. लग्नानंतर बरे होईल, हे उत्तर स्वीकारू नये. हे काम केवळ आईचे नव्हे. वडिलांनी आणि भावांनीही ते करावे. निदान आमच्यासारख्या, जन्मभर साक्षीपुरावे तपासणाऱ्या भावांनी तरी ते इतरांवर सोडू नये.